माशांचा कौल

ढब्बूला ढब्बू का म्हणतात, हे आता कुणाला सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. जन्मला तेव्हा म्हणे मांडीवर मावत नव्हता. पुढे अंगाची नुसती काडी झाली, गालफडं बसली, चाळिशीच्या आतच कानशिलं पांढरी झाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बाहेर सगळे त्याला 'पाणीवाला' म्हणायचे. ढब्बू म्हणणारं माणूस एकच उरलं होतं, त्याची ताई.

ताई त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो अजून बोबडं बोलत होता. वडील कागदगिरणीत कामाला, पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेच्या दारात रडका सोडून येण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. तिच्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. मूठ सैल झाली की ती हळूच वेणी सोडवून घ्यायची आणि अभ्यासाला बसायची. शिकली, नोकरीला लागली, लग्नाचं तेवढं राहून गेलं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "एक पोर वाढवून झालंय माझं. आता पुन्हा कुठं तो उपद्व्याप?" हे ढब्बूसमोर म्हटलं की तो कान खाजवायचा आणि त्याची बायको तोंड फिरवून हसायची.

ताईची नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिथं तळघरात माशांची एक खोली होती. खोलीला खिडकी नव्हती. दिवे आपोआप लागायचे आणि आपोआप विझायचे, कारण दिवस मोठा आहे असं वाटल्याशिवाय ते मासे अंडी घालत नाहीत. भिंतीला लागून काचेच्या टाक्यांची रांग, प्रत्येक टाकीत अर्ध्या बोटाएवढे तीन मासे, एक नर आणि दोन माद्या. आणि तळाशी पाइप उभा चिरून केलेला एक पालथा तुकडा, घराच्या कौलासारखा. प्रयोगशाळेत सगळे त्याला कौलच म्हणायचे. मादी कौलाच्या आत शिरून वरच्या बाजूला, म्हणजे छताला, अंडी चिकटवते. मग नराचं डोकं काळंभोर होतं, नाकावर पांढरे खडे उठतात आणि तो कौलाखाली पहारा देत बसतो. पाठीनं अंडी पुसत राहतो, कुणी जवळ आलं की अंगावर जातो. रोज सकाळी ताई एकेक कौल उचलायची, उलटं करायची आणि अंडी मोजायची.

"मासे मेले की पाणी वाईट, हे शेंबड्या पोरालाही कळतं," नवीन कुणी कामाला आलं की ती सांगायची. "मासे जगलेत म्हणून पाणी चांगलं, असं मात्र समजू नका. आधी कौल उलटं करून बघा."

ढब्बू वडिलांच्याच गिरणीत लागला होता. गिरणीच्या मागच्या अंगाला पाणी साफ करायचं आवार होतं. लाकडाचा लगदा शिजवून, धुऊन जे पाणी निघतं ते तिथं यायचं, काळ्या चहाच्या रंगाचं आणि वर साबणासारखा फेस. पूर्वी या आवारात माणूस पाठवायचे तो शिक्षा म्हणून. वासानंच जेवण जायचं नाही. ढब्बूला तिथं टाकलं आणि तो तिथं रमला. गाळ बसायच्या तळ्यांचे बांध त्यानं नीट करून घेतले. बंद पडलेली हवा सोडायची यंत्रं मॅनेजरच्या मागे लागून लागून चालू करवली. डोळ्यांत तेल घालून तो त्या पाण्याकडे बघायचा. दोन-तीन वर्षांत नदीत जाणारं पाणी इतकं नितळ झालं, की नाल्याच्या तोंडाशी उभं राहिलं तर तळाचे गोटे दिसावेत. मग त्यानं फाटकापाशी एक काचेची टाकी बसवली, तेच पाणी तिच्यात भरलं आणि लाल मासे सोडले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानानं दाखवायचा, "बघा, माझी मंडळी. कशी खुशीत आहेत."

गिरणीच्या खालच्या अंगाला नदीकाठी मासे धरणाऱ्यांची वस्ती होती. तिथली माणसं एकदा चिडून फाटकावर आली होती. मॅनेजर आत दडून बसला. ढब्बू बाहेर गेला, नाल्याच्या तोंडावरून पेलाभर पाणी भरून आणलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायला.

"मला काही झालं तर माझ्या बहिणीला कळवा," पेला उपडा करत तो म्हणाला. "ती मला कौलाखाली घालून तपासेल."

लोक हसले. त्या दिवसापासून वस्तीचा त्याच्यावर विश्वास बसला. वस्तीत जाळी विणणारी एक मावशी होती, सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत तिखट. तीसुद्धा म्हणायची, "पाणीवाल्यानं सांगितलं म्हणजे झालं."

आणि मग सरकारचा नवा नियम आला. गिरणीच्या पाण्यात मासे नुसते जगतात का एवढं बघून भागणार नाही, त्यांना पिल्लं होतात का हेही तपासायचं. ढब्बू धावतच ताईच्या घरी आला. बूटसुद्धा न काढता दारातूनच ओरडला, "ताई, तुझ्या माशांकडे माझं पाणी येतंय! मीच सांगितलं मॅनेजरला, तपासायचं तर तिथंच."

"अरे शहाण्या, भावाचं पाणी बहिणीकडे?" ताई म्हणाली. "लोक म्हणतील, कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे की! तुझे मासे देतील कौल, कौलाखाली बसून!" स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला, की भावजयीचा घरून फोन आला तेव्हा त्याला बोलवेना.

ताईनं दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगून टाकलं. भाऊ तिथं कामाला आहे, ही चाचणी दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणाली. साहेब मितभाषी गृहस्थ. चष्मा पुसत म्हणाले, "दुसरं आहे कोण? माशांना नातीगोती कळत नाहीत. मोजायला तुमच्याबरोबर आणखी एक जण बसेल. फक्त चाचणी संपेपर्यंत कौलाखाली काय दिसलं ते बाहेर जायचं नाही. भावाच्या कानावर तर मुळीच नाही."

आधी सगळे मासे विहिरीच्या स्वच्छ पाण्यात ठेवले. ज्या टाक्यांत भरपूर अंडी पडली त्याच निवडल्या, म्हणजे उद्या कुणी माशांना नावं ठेवायला नको. मग टाक्यांना पट्ट्या लावल्या. पांढरी पट्टी म्हणजे विहिरीचंच पाणी, निळी म्हणजे विहिरीचं निम्मं आणि गिरणीचं निम्मं, पिवळी म्हणजे नुसतं गिरणीचं. गिरणीचं पाणी ताजं लागायचं. ते ढब्बू स्वतः टेम्पोतून घेऊन यायचा. मोठमोठे कॅन खांद्यावर घेऊन तळघराचा जिना उतरायचा आणि खाली ठेवायच्या आधीच विचारायचा, "काय, जोडपी रुळली का?"

पहिले काही दिवस पिवळ्या पट्टीच्या टाक्यांतही अंडी होती. मग कमी झाली. मग एका टाकीतलं कौल रिकामं निघालं, दुसऱ्या दिवशी आणखी दोन टाक्यांतली. ताईला वाटलं, कौलं गुळगुळीत झाली असतील. तिनं पांढऱ्या टाक्यांतली कौलं घासूनपुसून पिवळ्या टाक्यांत ठेवली आणि इकडची तिकडे. काही फरक पडला नाही. पांढऱ्या टाक्यांत मोहरीएवढी अंडी दाटीवाटीनं चिकटलेली असायची, चार-दोन दिवस झालेल्या अंड्यांत तर पिल्लांचे डोळे दिसायचे, काळ्या टिपक्यांची जोडी जोडी. आणि पिवळ्या टाक्यांतल्या नरांची डोकी हळूहळू फिकी पडत चालली होती. नाकावरचे खडे विरघळल्यासारखे गेले. कौलाखाली बसायचं सोडून ते माद्यांच्या मागून उगीच हिंडायचे. लांबून बघणाऱ्याला तीन माद्याच आहेत असं वाटलं असतं.

"बघ कसे उसळ्या मारतायत," पिवळ्या टाकीशी वाकून ढब्बू म्हणायचा. "माझ्या पाण्यातला एक तरी मेला का गं?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही, ढब्बू."

हे अगदी खरं होतं. आणि हे खरं बोलताना ताईला जन्मात कधी खोटं बोलताना वाटली नसेल एवढी लाज वाटायची. तो शीळ घालत जिना चढून जायचा. गिरणीत सांगायचा, वस्तीत सांगायचा, बायकोला सांगायचा, एकही मेला नाही. ताई हातातली जाळी तशीच धरून टाकीपुढे उभी राहायची. घरी गेल्यावर जेवण पुढ्यात घ्यायची आणि तसंच झाकून ठेवायची.

चाचणी संपली. साहेबांनी सगळं दोनदा तपासलं आणि म्हणाले, "गिरणीला उद्या कळवतो. भावाला आज तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडून ऐकायला नको त्यांना."

ढब्बू आला तो सगळ्या प्रयोगशाळेसाठी बिस्किटांचे पुडे घेऊन. ताई त्याला खाली घेऊन गेली. पांढऱ्या पट्टीच्या टाकीतलं कौल उचलून तिनं उलटं केलं. अंड्यांनी ते आतून चमकत होतं. मग पिवळ्या टाकीतलं उचललं आणि त्याच्याच हातात दिलं.

त्यानं आत बघितलं. बाहेरून बघितलं. पुन्हा आत बघितलं. बोट फिरवलं.

"हे आत्ताच ठेवलंयस ना?"

"नाही रे."

त्यानं दुसऱ्या टाकीकडे बोट दाखवलं. तिनं तिथलं दिलं. मग तिसऱ्या टाकीतलं. सगळी बघून झाल्यावर तो म्हणाला, "पण जगतायत की ते."

"जगतायत."

"मग?"

"नुसतेच जगतायत, ढब्बू."

एका उपड्या कॅनवर तो बसला. हातातल्या ओल्या कौलाचं पाणी पँटवर ठिबकत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग म्हणाला, "गेल्या वर्षी मावशी म्हणाली होती मला. जाळ्यात आताशा मोठेच मासे येतात, लहान येत नाहीत. मी म्हटलं, मग बरंय की मावशी, मोठे विकले जातात! सगळे हसले गं. मावशीपण हसली."

ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठला, कौल टाकीत होतं तसं नीट पालथं ठेवलं आणि म्हणाला, "पुन्हा एकदा कर. मी पाणी सुधारतो. एकदाच."

पुन्हा चाचणी करायची नियमात मुभा होती. साहेबांनी होकार दिला. ढब्बूनं मग स्वतःला त्या आवारात गाडूनच घेतलं. पाणी तळ्यांत दुप्पट वेळ थांबवलं, गाळ उपसला, कुठून कुठून कोळशाची पोती आणून पाण्याच्या वाटेत रचली. त्यासाठी मॅनेजरला विचारत बसला नाही. हातांना भेगा पडल्या, नखांत कोळसा बसला. कॅन घेऊन आता तो मुकाट्यानं यायचा. जोडप्यांची चौकशी नाही, पाण्यावरचे विनोद नाहीत. टाक्यांकडे बघायचाही नाही. फक्त जाताना जिन्यात क्षणभर थांबायचा, आणि ताई पाठमोरी राहून काहीतरी धूत बसायची, नाहीतर तिच्या चेहऱ्यावर त्याला सगळं वाचता आलं असतं.

आणि एका सकाळी पिवळ्या पट्टीच्या टाकीतलं कौल उलटं केलं, तर आत अंडी. फार नव्हती, पसाभर आकाशात चार चांदण्या दिसाव्यात तशी. पण होती. आणि नर खाली बसला होता, डोकं जरासं काळवंडलेलं. ताईच्या जिवात जीव आला. बरोबर मोजणारा सहकारी बाहेर गेला होता. नियम तिला पाठ होता. इतकी वर्षं तिनं तो एकदाही मोडला नव्हता. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "ढब्बू, आहेत रे. पिवळ्यात आहेत."

 पलीकडे तो रडतोय असं तिच्या लक्षात आलं.

दिवसभरात त्यानं ही बातमी गावभर केली. मॅनेजरला सांगितली, वस्तीत जाऊन मावशीला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रयोगशाळा उघडते न उघडते तोच, इस्त्रीचा शर्ट घालून तो दारात उभा. बरोबर त्याची लेक, चिमणी. केसांना रिबिनी, पायात नवे बूट.

"हिला दाखवायचीत," तो म्हणाला. "आत्याच्या माशांची अंडी."

ताईनं अजून टाक्या उघडल्या नव्हत्या. नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण पोरगी तिचं बोट धरून जिना उतरायलाही लागली होती. तिनं पाण्यात हात घातला आणि कौल उलटं केलं.

दोन अंडी उरली होती, पांढरीफटक, बुरशी धरलेली. बाकीची माशांनी खाल्ली होती. नर कोपऱ्यात तरंगत होता, आपलं तिथं काही होतं हे त्याला ठाऊकच नसल्यासारखा.

"कुठायत बाबा?" चिमणीनं विचारलं.

ढब्बूनं तिला कडेवर घेतलं. "झोपायला गेली," तो म्हणाला.

"कुठं?"

"लांब."

तो तिला घेऊन वर गेला. ताई कौल हातात धरून तशीच उभी. त्यानंतर त्या टाक्यांत पुन्हा अंडी पडली नाहीत.

दुसऱ्या चाचणीचा अहवाल गिरणीकडे गेला. पाणी साफ करणाऱ्या माणसाची यात काही चूक नाही, हे ताईनं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. लाकडातूनच जे काही विरघळून येतं ते गाळ बसवून आणि हवा सोडून जाणारं नव्हे, त्याला वेगळी यंत्रणा लागेल, असंही लिहिलं होतं. गिरणीनं पहिलं पान वाचलं आणि आपला निष्कर्ष काढला. आवारातल्या माणसानं परवानगी न घेता कोळसा टाकला, पाण्याशी नसते खेळ केले, म्हणून पाणी बिघडलं. ज्या कोळशापायी त्याचे हात फुटले, तोच त्याच्या माथी मारला. साहेबांनी खुलाशाचं पत्र पाठवलं. पहिली चाचणी कोळशाच्या आधीची होती, हे सांगायला ताई स्वतः मॅनेजरकडे गेली. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांच्या बहीण. तुम्ही असंच म्हणणार." ढब्बूला कामावरून काढलं. फाटकावरची काचेची टाकीही त्याच आठवड्यात हलवली.

वस्तीतले लोक या वेळी फाटकावर गेले नाहीत. जाळीवाली मावशी एकटीच ढब्बूच्या घरी आली. ताई तिथंच होती. मावशी दाराजवळच्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "भांडायला नाही आले बाबा. तू पाणी पिऊन दाखवलंस तेव्हा खोटं नव्हतास, हे कळतं मला. एवढंच विचारायचंय. आम्ही आता काय करायचं, पाणीवाल्या?"

  मावशी वाट बघत बसून राहिली. आत चिमणी काहीतरी गुणगुणत होती, तेवढाच आवाज. शेवटी मावशी "बरं" म्हणाली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गेली.

त्यानंतर तो घराबाहेर पडेनासा झाला. दाढी वाढली. भावजय ताईला फोन करून रडायची, "ताई, तुम्ही या, तुमचंच ऐकतात ते." ताई जायची, समोर बसायची. तो भिंतीकडे बघत असायचा. एका दुपारी तीच म्हणाली, "माझ्यावर राग धर, पण बोल रे."

"राग कसा धरू?" तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "दुसऱ्या कुणी मोजलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, चुकलंय. आयुष्यभर म्हणत राहिलो असतो, मोजणाऱ्याचं चुकलंय. तू मोजलंस. मला तेवढंही म्हणता येत नाही."

ताईनं त्याच्या पुढ्यातला गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला.

"आणि त्या दिवशी फोन कशाला केलास?"

"आनंद झाला म्हणून."

"मलाही झाला होता," ढब्बू म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

भावजयीच्या भावाचं दुसऱ्या शहरात गोदाम होतं. खोक्यांची ने-आण, माल चढवणं-उतरवणं. तिथं त्याला काम मिळालं. सामान भरायला ताई गेली होती. भांडी कागदात गुंडाळली, चिमणीचे कपडे घड्या करून भरले. ट्रकमध्ये बसायच्या आधी तो तिच्यापाशी आला, वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि चटकन सरळ झाला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला, तोवर तो ट्रकच्या पायरीवर चढलाही होता. चिमणी वळणापर्यंत हात हलवत राहिली.

सुरुवातीला फोन यायचे. मग भावजयच बोलायची, "ते आत्ताच आलेत, दमलेत," "ते झोपलेत." ताई कधी दामटून म्हणाली नाही, की त्याला उठव.

अशी दोन वर्षं गेली. अहवाल वरपर्यंत पोचला होता. वरून हुकूम आला आणि गिरणीला नवी यंत्रणा बसवावी लागली, ताईनं लिहिली होती तशीच. पाणी पुन्हा तिच्याकडे तपासायला आलं. यावेळी ते गणवेशातल्या कुणा ड्रायव्हरनं आणलं आणि सही घेऊन तो निघून गेला. काही आठवड्यांनी पिवळ्या पट्टीच्या टाक्यांतली कौलं भरली. नर अंगावर धावून येऊ लागले, अंड्यांतून डोळे दिसू लागले, केसाएवढी पिल्लं निघाली. साहेब स्वतः तळघरात उतरून बघून गेले. ताईनं घरी जाऊन फोन लावला. "त्याला सांग," ती भावजयीला म्हणाली, "पाणी सुधारलं. आणि बांध, तळी, सगळी त्याचीच आहेत अजून. नवीन यंत्र त्याच्या कामावरच उभं आहे म्हणावं."

"सांगते," भावजय म्हणाली. मग म्हणाली, "ताई, घरात पाण्याचा विषय काढलेला त्यांना चालत नाही. पण सांगते."

त्याचा फोन आला नाही. पंधरा दिवस वाट बघून ताईनं रजा टाकली आणि बसनं निघाली.

गोदामाच्या मागच्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. भावजयीनं तिला मिठीच मारली. चिमणी उंच झाली होती. आधी दाराआड लपली, मग "आत्या!" म्हणून गळ्यात पडली. ढब्बू संध्याकाळी कामावरून आला. अंगानं जरा भरला होता. तब्येत चांगली दिसत होती. ताईला बघून तो दारात थबकला, मग हसला आणि पुढे येऊन तिच्या पायाशी ठेवलेली बॅग उचलून कोपऱ्यात ठेवली.

"प्रवास नीट झाला ना?" त्यानं विचारलं. "बसा ना ताई. तुम्ही चहा घेतलात का?"

ताईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिनं भावजयीकडे बघितलं. भावजयीनं मान खाली घातली होती.

त्यात टोमणा नव्हता. रुसवाही नव्हता. दोन दिवस तो तिच्याशी तसाच बोलत राहिला, नीट, मन लावून, दूरच्या नात्यातल्या एखाद्या मानाच्या बाईशी बोलावं तसा. "तुम्हाला उशी उंच लागते ना?" "तुम्ही दमला असाल, पडा थोडा वेळ." स्वतःची कॉट तिला दिली आणि आपण जमिनीवर झोपला. चिमणीची शाळा, गोदामातलं काम, गुडघेदुखीवरचं औषध, सगळ्यावर बोलला. पाण्याचा, माशांचा विषय तिनं काढला नाही, त्यानं विचारलं नाही. 'अरे गाढवा, मला तुम्ही काय म्हणतोस' असं ओरडून त्याला गदगदा हलवावं, असं तिला कितीदा तरी वाटलं. पण ती ओरडली असती तर तो माफ करा म्हणाला असता, आणि तेही 'करा' म्हणूनच. ती भीती तिला जास्त वाटली.

निघायच्या दिवशी तो बस थांब्यापर्यंत आला. बॅग त्याच्याच हातात होती. बसला उशीर झाला, दोघं बाकावर बसून राहिले. समोरच्या दुकानात कुणीतरी काच पुसत होतं. एकदा ताई म्हणाली, "ढब्बू." त्यानं "हं?" केलं आणि तिच्याकडे बघितलं. "काही नाही," ती म्हणाली.

बस आली. त्यानं आत चढून बॅग वर फळीवर ठेवली, खिडकीची जागा बघून तिला बसवलं, खिडकी उघडते का ते करून बघितलं. खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला.

"पोचलात की कळवा," तो म्हणाला.

"कळवते," ताई म्हणाली.

बस सुटली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं तिला दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का, पाणी हवंय का. ताईनं मानेनंच नको म्हटलं. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिनं कळवलं. भावजयीचं उत्तर आलं, "बरं झालं ताई. ते विचारतच होते."